डाव्या कठड्याची तार

घड्याळजीचा स्वभाव पहिल्यापासूनच आपलं माणूस आपल्यापाशी राखून ठेवण्याचा. शाळेत असताना वर्गशिक्षकांनी एकदा बाकांची अदलाबदल केली आणि त्याच्या शेजारचा मुलगा पुढच्या बाकावर गेला, तेव्हा ह्याने आठ दिवस अबोला धरला होता. तोही शिक्षकांशी नव्हे, त्या मुलाशी. तो मुलगा पुढे भूगोलाचा मास्तर झाला, ह्याने वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवलं, दोघांची लग्नं झाली, पोरं मोठी होऊन लांब गेली. पण दर रविवारी सकाळी मास्तर घड्याळजीला हाक मारायला येणार, हे पन्नास वर्षांत चुकलं नव्हतं.

चाळिशीत दोघांनी मिळून एक जुनी शिडाची होडी घेतली. निम्मी ह्याची, निम्मी त्याची. एक डोलकाठी, दोन शिडं, आणि खाली एक खोली, जिच्यात दोन माणसं बसू शकत, फक्त दोघांपैकी कुणी उभं राहायचं नाही. घड्याळजीची बायको म्हणायची, "तुमचा जीव मास्तरांवर, माझ्याशी नुसता संसार." ती हे हसत म्हणायची, पण ते काही अगदीच खोटं नव्हतं.

होडीच्या दोन्ही कडांना गुडघ्याच्या थोडे वर येतील असे स्टीलचे दांडे उभे होते, आणि त्यांच्या भोकांतून पुढून मागपर्यंत ओवलेल्या तारा होत्या. प्रत्येक बाजूला दोन, एक वर, एक खाली. हाच होडीचा कठडा. लाटेने होडी कलली की माणसाचा हात आपोआप वरच्या तारेकडे जातो. तार टिकली तर माणूस होडीत, नाहीतर पाण्यात. ह्या होडीच्या तारा जुन्या झाल्या होत्या. वरून पांढरं प्लास्टिक चढवलेलं, त्यामुळे दिसायला छान. पण टोकांशी प्लास्टिक संपतं तिथून तपकिरी पाणी झिरपल्यासारखे डाग पडले होते. आत तार गंजत होती.

"ह्या वर्षी तारा बदलायच्याच," असं दोघं तीन वर्षं म्हणत होते. घड्याळजीने तर मापंही घेऊन ठेवली होती. चारही तारांची लांबी मिलिमीटरपर्यंत, वहीत, पेन्सिलीने. कुठल्या दांड्यात किती वाक आहे तेही.

आणि नेमकं त्याच वर्षी त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, तीन आठवडे वाकायचं नाही, उचलायचं नाही, वाऱ्यात जायचं नाही. म्हणजे दुकान बंद आणि होडीही बंद.

पहिल्या रविवारी मास्तर त्याला भेटायला घरी आला. खुर्ची ओढून बसला, डोळ्याची चौकशी केली, आणि मग त्याची गाडी जी दुसऱ्याच रुळावर गेली ती परत आली नाही.

"अरे, आमच्या वरच्या मजल्यावर एक जण राहायला आलेत. बंदरावर क्रेन चालवायचे. अठ्ठावीस वर्षं! काय माणूस आहे रे!"

"असं?" घड्याळजी म्हणाला.

"तारेबद्दल त्यांना विचार. नुसता हात फिरवून सांगतात, ही अजून चार वर्षं जाईल, ही उद्या तुटेल. मी त्यांना आपली होडी दाखवली."

"दाखवलीस?"

"हो. त्यांना फार आवडली."

मास्तर तासभर बसला. तेवढ्यात त्या क्रेनवाल्याचा विषय अकरा वेळा निघाला. घड्याळजीने मोजलं होतं. मोजायची त्याला सवयच होती. दिवसभर टिकटिक ऐकणाऱ्या माणसाचं डोकं आपोआप मोजत राहतं. मास्तर गेल्यावर बायकोने कप उचलता उचलता विचारलं, "काय झालं? तोंड का असं?"

"कुठे काय. डोळा चुरचुरतोय."

"ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालंय," ती म्हणाली, "तुम्ही डावा चोळताय."

दुसऱ्या रविवारी मास्तर आलाच नाही. फोन आला, की जरा कामात आहे, नंतर सांगतो. घड्याळजी दिवसभर खिडकीशी बसून राहिला. बायकोने दोनदा जेवायला हाक मारली तेव्हा कुठे उठला.

तीन आठवडे संपले त्या दिवशी तो सकाळीच धक्क्यावर गेला. नव्या डोळ्याला सगळं लख्ख दिसत होतं. शेवाळाचा हिरवा रंग, दोरांच्या गाठी, लांबच्या होड्यांवरचे आकडे. आणि आपल्या होडीजवळ पोचायच्या आतच त्याला दिसल्या त्या चार तारा. प्लास्टिक नाही, काही नाही. नवं कोरं उघडं स्टील, उन्हात नुसतं चमकत होतं.

मास्तर आत शिडाची घडी घालत बसला होता. त्याला बघून उठला.

"आलास! बघ, बघ! दोन दिवसांत केलं आम्ही."

आम्ही. घड्याळजीच्या कानात तो शब्द काट्यासारखा जाऊन बसला.

"छान झालंय," तो म्हणाला. वाकून त्याने एक टोक पाहिलं. तार तिच्या टोकाच्या स्टीलच्या टोपणात नीट दाबून बसवली होती. मागच्या बाजूला तार ताणायचा टर्नबकल होता. मधला भाग एका बाजूला फिरवला की दोन्हीकडचे स्क्रू आत ओढले जातात आणि तार ताठ होते, उलटा फिरवला की सैल. तो आपोआप फिरू नये म्हणून त्यात बारीक पिन घातली होती, आणि पिनेची टोकं हाताला लागू नयेत म्हणून त्यावर चिकटपट्टीही गुंडाळली होती. खोट काढायला जागा नव्हती. काढता आली असती तर बरं वाटलं असतं.

"माझी मापं वापरली का?" त्याने विचारलं.

"अरे, ती वही तुझ्याकडेच होती ना. त्यांनी स्वतः घेतली. दोरी लावून. पाच मिनिटांत!"

घड्याळजीला ती मापं घ्यायला दोन रविवार लागले होते.

"तुला आराम होता ना," मास्तर म्हणाला. "म्हटलं, आल्यावर खूश होशील."

"झालो की."

तेवढ्यात क्रेनवाला धक्क्यावरून चालत आला. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा, दोन्ही हात कोटाच्या खिशात. "नमस्कार," म्हणाला. "तुमच्याबद्दल ऐकलंय." घड्याळजीनेही नमस्कार केला. क्रेनवाल्याने एक हात खिशातून काढला न काढला आणि परत आत घातला. घड्याळजीला वाटलं, काय गुर्मी आहे माणसाला! नीट नमस्कारही करत नाही.

दोन दिवस त्याने दुकानात काढले. एका बाईचं नाजूक मनगटी घड्याळ उघडलं आणि तसंच झाकून ठेवलं. डोळ्यासमोर एकच चित्र: मास्तर तारेचं एक टोक धरून उभा आहे, दुसरं टोक त्या माणसाच्या हातात आहे, आणि दोघं कशाला तरी हसतायत. पन्नास वर्षं जे टोक आपण धरलं, ते कुणीतरी सहज येऊन उचललं, आणि मास्तरला फरकसुद्धा जाणवला नाही. त्याच्या पोटात खरोखर दुखायला लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने दुकान लवकर बंद केलं आणि धक्क्यावर गेला. होडीवर कुणी नव्हतं. तो पुन्हा एकदा खोट शोधायलाच आला होता. तसं तो नंतर स्वतःला सांगत असे. डाव्या बाजूची वरची तार त्याने दाबून पाहिली, हलवून पाहिली. खोट नव्हती. मग त्याने खिशातून छोटी पक्कड काढली. टर्नबकलवरची चिकटपट्टी सोडवली, पिन सरळ करून बाहेर ओढली, आणि मधला भाग उलटा फिरवायला लागला. तार ढिली पडली, मधोमध झोळ आला. अजून फिरवला. हात थांबेना. मग पिन परत घातली, चिकटपट्टी होती तशी गुंडाळली, आणि दोन पावलं मागे होऊन पाहिलं. आता कुणीही म्हणालं असतं, काय हे काम, चार दिवसांत सैल! मास्तर म्हणाला असता, तू असायला हवा होतास रे.

घरी जाताना त्याला हलकं वाटत होतं. वाटेत फळं घेतली.

जेवताना बायको म्हणाली, "वहिनींचा फोन आला होता." वहिनी म्हणजे मास्तरची बायको. "उद्या दहाला त्याही येतायत होडीवर. किती दिवसांनी! गुडघ्यामुळे धीर होत नव्हता, पण आता म्हणाल्या, नव्या तारा आहेत, घट्ट धरून चढेन."

घड्याळजीने ताट सरकवलं. धक्क्याला होडीची डावी बाजू लागत असे. वहिनी जी तार धरून, सगळा भार टाकून चढणार होत्या, ती डावीकडची वरचीच.

आणि तेव्हा त्याला कळलं की आपण फेरे मोजले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी फिरवलं आणि मोजलं नाही. टर्नबकलच्या स्क्रूचे किती आटे आत राहिलेत? आठ? की दोनच? दोन असले तर वहिनींचं वजन पडलं की तो स्क्रू निसटून तार हातात येणार. खाली होडी आणि धक्क्याच्या भिंतीमध्ये हातभर पाणी.

"ताट का सरकवलंत?" बायकोने विचारलं.

"पोट भरलं."

धक्क्याचं फाटक सातला बंद होई, सकाळी सहाला उघडे. सात कधीच वाजून गेले होते. त्याने फोन उचलला, मास्तरचा नंबर लावला, आणि वाजायच्या आत ठेवून दिला. सांगणार काय? उद्या येऊ नका, मी तुमची तार सोडून ठेवलीय?

सकाळी सहाला तो फाटकाशी उभा होता. रखवालदार म्हणाला, "आज सगळ्यांनाच घाई. एक जण मला पाचलाच उठवून आत गेलेत."

होडीपाशी क्रेनवाला होता. त्याने चारही तारा उतरवल्या होत्या. सगळ्या धक्क्याच्या फरशीवर सरळ रेषेत पसरून, तो गुडघ्यांवर बसून एकेका टोकावरून बोटं फिरवत होता. घड्याळजीला बघून त्याने मान वर केली. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली.

"बरं झालं तुम्ही आलात," तो म्हणाला. "काल संध्याकाळी सहज चक्कर मारली, तर डावी वरची तार झोळ पडून लोंबत होती. टर्नबकलचे तीनच आटे आत राहिले होते. तीन! तार सरकून पिनेला झटका बसला, की पिनच नीट बसली नव्हती, कळेना. रखवालदाराने फाटक लावायचं म्हणून बाहेर काढलं, नाहीतर कालच उतरवणार होतो."

घड्याळजी त्याच्याशेजारी येऊन उभा राहिला.

"तार टोपणातून सरकली असेल तर चारही फेकून द्यायला लागतील," क्रेनवाला सांगत होता. "प्रत्येक टोकाशी मी लाल रंगाची रेघ ओढून ठेवली होती, निम्मी तारेवर, निम्मी टोपणावर. तार सरकली असेल तर रेघ तुटलेली दिसेल. मला इतकं बारीक दिसत नाही. तुमचा नवा डोळा आहे. बघा जरा."

घड्याळजीने खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि खाली बसला. रेघ अखंड होती. केसाइतकीही तुटलेली नव्हती. भिंग डोळ्याला तसंच ठेवून तो क्षणभर थांबला. सरकलीय, एवढं म्हटलं की झालं. दोष तारेचा. तार फेकायची, नवी आणायची, कुणाचं काही गेलं नाही. मनातल्या मनात त्याने ते वाक्य जुळवूनही पाहिलं.

"सरकली नाही," तो म्हणाला.

क्रेनवाला मागे टेकून बसला. मग त्याने दोन्ही हात समोर धरले. बोटं थरथरत होती. थंडीने थरथरतात तशी नव्हे, आतून कुणी हलवल्यासारखी.

"म्हणजे पिन मीच नीट बसवली नाही," तो म्हणाला. "ह्याच्यापायी क्रेन सोडली मी. कुणी काढलं नव्हतं हं, स्वतःच उतरलो. अठ्ठावीस वर्षांत एक ओझं पाडलं नाही, पुढे पाडीन म्हणून भीती वाटली. मास्तरांना बोललो नाही. ती पिन घालायला मला अर्धा तास लागला होता. त्यांना चहा आणायला पाठवलं आणि तेवढ्यात घातली. वाटलं, चला, एवढं तरी जमतं अजून." तो कसनुसा हसला. "आणि मास्तर सारखे म्हणत होते, घड्याळजी असता तर असं केलं असतं, घड्याळजी असता तर तसं केलं असतं. दोन दिवस ऐकून कान किटले माझे. मला हेवा वाटला तुमचा, खोटं कशाला बोलू? आज कळतंय, ते म्हणत होते ते बरोबर होतं."

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी घड्याळजीला आनंद झाला. समोर एक माणूस मोडून बसला होता, तो आपण मोडला होता, आणि ह्याच्या मनात मात्र उकळ्या फुटल्या की मास्तर आपलं नाव सारखं घेत होता. दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची इतकी किळस आली की तो उठून उभाच राहिला.

"पिन मी काढली होती," तो म्हणाला.

"काय?"

"काल दुपारी. मीच सैल केली. तुमचं काम चोख होतं."

क्रेनवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं. तो सावकाश उठला, आणि उठला तेव्हा किती उंच आहे ते घड्याळजीला दिसलं.

"का?"

त्रेसष्ट वर्षांच्या माणसाने ते तोंडाने कसं म्हणावं?

"तुम्ही दोघांनी केलंत म्हणून," शेवटी तो म्हणाला. "माझ्याशिवाय."

"किती फेरे सोडलेस?"

"मोजले नाहीत."

"घड्याळजी ना तू? स्क्रू फिरवतोस आणि मोजत नाहीस?" क्रेनवाल्याचा आवाज चढला नव्हता, पण तुम्हीचं तू झालं होतं. "काल संध्याकाळपासून मी माझे हात बघत बसलोय. बायको विचारत होती काय झालं, तिला सांगता येईना. माणूस पडलं असतं तर तेही मी माझ्याच माथी मारून घेतलं असतं. जन्मभर."



क्रेनवाल्याने पाना उचलून त्याच्या हातात कोंबला. "दहाला ते येतायत. बसव. चारही. मी हात लावणार नाही."

तो वर जाऊन डोलकाठीला पाठ टेकून बसला आणि घड्याळजी कामाला लागला. तार ओवायची, टोक अडकवायचं, खीळ घालायची, ताण द्यायचा, फेरे मोजायचे. क्रेनवाला वरून फक्त एवढंच बोले: "अजून अर्धा." "जास्त झाला, मागे घे." "दाबून बघ. बोटभर दबली पाहिजे, वीणेच्या तारेसारखी नको." घड्याळजीचं अंग अशा कामाला सरावलेलं नव्हतं. तळहात सोलले, पाठ धरली. क्रेनवाल्याने थर्मासमधून चहा ओतून घेतला. ह्याला विचारलं नाही, आणि ह्यानेही मागितला नाही. शेवटची पिन दुमडली तेव्हा दहाला पाच मिनिटं कमी होती.

"मास्तरांना तू सांगायचंस," क्रेनवाला म्हणाला. "आठ दिवसांत. माझ्या हातांचं मात्र सांगायचं नाही. ते माझं आहे."

मास्तर आणि वहिनी आले. वहिनींनी डाव्या बाजूची वरची तार दोन्ही हातांनी धरली, "हुश्श" करून सगळं अंग तिच्यावर टाकलं, आणि चढल्या. तार जागची हलली नाही.

"अरे वा, तुम्ही दोघं आधीच हजर!" मास्तर म्हणाला. "आणि तुझ्या हाताला काय झालं?"

"काही नाही," घड्याळजी म्हणाला.

"खरचटलंय त्याला," क्रेनवाला म्हणाला. "अरे, धुऊन घे ते."

मास्तर एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. "तुमचं अरे-तुरे कधीपासून? मला तर अजून अहो-जाहोच आहे." हसत म्हणाला, पण त्या दिवशी सुकाणू धरून बसला तेव्हा जरा गप्प गप्पच होता, आणि घड्याळजीला, एवढं सगळं होऊनही, ते मनातून आवडलं.

सातव्या दिवशी घड्याळजीने मास्तरला दुकानात बोलावलं आणि सांगितलं. सगळं, हातांचं सोडून. मास्तर रागावेल, ओरडेल, कदाचित होडीतला आपला निम्मा वाटा मागेल, ह्या सगळ्याची त्याने तयारी ठेवली होती. मास्तर ऐकत राहिला.

"माझी बायको चढणार होती तिथून," तो म्हणाला.

"मला ठाऊक नव्हतं तेव्हा."

"ती नाहीतर दुसरं कुणी. मी." मास्तरने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आणि कशावरून? दोन दिवस तारा बदलल्या आम्ही. त्यात काय एवढं होतं रे?"

त्याला खरंच कळत नव्हतं. त्याच्यासाठी त्या तारा होत्या, आणि काम होऊन गेलं होतं. रागापेक्षा हेच घड्याळजीला जास्त लागलं. पन्नास वर्षं आपण ज्याच्यापायी जळलो, त्याला धुराचा वासही आला नव्हता.

"काही नव्हतं," तो म्हणाला.

मास्तर पुढचे तीन रविवार आला नाही. चौथ्या रविवारी आला, दारातूनच हाक मारली, "येतोयस ना?" आणि त्यावर पुन्हा बोलला नाही. वहिनींना त्याने सांगितलं की नाही, हे घड्याळजीने कधी विचारलं नाही. त्याने स्वतः बायकोला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "माझ्यासाठी कधी काही सैल केलं नाहीत." हे ती कशा अर्थाने म्हणाली, त्याचा त्याला नीट पत्ता लागला नाही.

तेव्हापासून रविवारी होडीवर तिघं जातात. बारीक कामं घड्याळजी करतो. पिना, गाठी, दोरांच्या कप्प्यांचे स्क्रू. क्रेनवाला जवळ बसून सांगतो. मास्तरला वाटतं, क्रेनवाल्याने मोठेपणाने ह्याला काम करू दिलंय, आणि दोघंही त्याला तसंच वाटू देतात. ह्याला मैत्री म्हणावं की नाही, कोण जाणे. क्रेनवाल्याने त्याला माफ केलंय असंही नाही, अजूनही घड्याळजीने एखादा टर्नबकल हातात घेतला की तो मुद्दाम मोठ्याने विचारतो, "मोजतोयस ना?"

आणि हेव्याचं म्हणाल, तर तो काही गेला नाही. मागच्या थंडीत क्रेनवाला न्यूमोनियाने दवाखान्यात होता, तेव्हा मास्तर रोज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसे. घड्याळजीही रोज जाई. फळं नेई, उशी सारखी करी, पाणी पाजी. त्याचे हात थरथरले की मास्तरला दिसू नये म्हणून पेला स्वतः धरी. काळजी होतीच त्याला. पण शिवाय त्याला हेही बघायचं असे, की मास्तर तिथे नेमका किती वेळ बसतो.